आधीच्या विनोदी मालिका खरंच जास्त हसवायच्या का?



या ब्लॉगवर आपण एरवी नमुना कसा निवडायचा, सरासरी कुठे फसवते, असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय टीव्हीचा आहे. पण काळजी नको, संख्याशास्त्र मागच्या दारानं येणारच आहे.

तुमच्याही घरात हे वाक्य कुणी ना कुणी म्हणत असेल: "पहिलेच्या मालिकांची मजाच वेगळी होती, आता तसं काही नाही राह्यलं." आमच्या पारशिवनीत तर हे वाक्य पावसाच्या अंदाजासारखं आहे, कुणीही कधीही काढतं. आजोबांच्या वयाचे लोक 'ये जो है जिंदगी'चं नाव घेतात, काका-मामा 'श्रीमान श्रीमती'चं, माझ्या वयाचे लोक 'श्रीयुत गंगाधर टिपरे' किंवा 'साराभाई'चं. मला यात गंमत वाटली ती अशी, की प्रत्येकाचा सुवर्णकाळ वेगळा आहे आणि प्रत्येकाला तो एकच वाटतो.

म्हणून आज आपण हा दावा नीट तपासू. दावा दोन भागांत तोडायला लागेल. एक, विनोदी मालिकांची शैली बदलली का? दोन, दर्जा घसरला का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: हो, खूप बदलली, आणि का बदलली तेही बरंच सांगता येतं. दुसऱ्याचं उत्तर इतकं सरळ नाही.

सिटकॉम म्हणजे नेमकं काय

सिटकॉम हा 'सिच्युएशन कॉमेडी'चा शॉर्टफॉर्म. त्याचे नियम साधे आहेत. पात्रं ठरलेली, जागा ठरलेली (बहुतेक वेळा एक घर), आणि प्रत्येक भागात एक छोटा गोंधळ. भागाच्या शेवटी गोंधळ मिटतो आणि सगळं पुन्हा जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात नवा गोंधळ, पण माणसं तीच.

यात खरं भांडवल असतं ते प्रेक्षकाच्या ओळखीचं. पाचव्या भागापर्यंत तुम्हाला माहीत झालेलं असतं की अमुक माणूस कंजूष आहे. मग दारावर पाहुणे आले एवढंच दाखवलं तरी तुम्ही हसायला लागता, कारण पुढे काय होणार ते तुम्हाला कळलेलं असतं. विनोदावर संशोधन करणारे जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये एक दोन टप्प्यांचं मॉडेल मांडलं होतं: आधी अपेक्षेला धक्का बसतो, मग त्या धक्क्याचा अर्थ लागतो, आणि तो अर्थ लागला की हसू येतं. मला वाटतं, सिटकॉमची ताकद अशी की अपेक्षा तयार करायला त्याच्याकडे महिनेच्या महिने असतात.

याच्या उलट स्किट, म्हणजे प्रहसन. तिथे दहा-पंधरा मिनिटांत पात्रं उभी करायची, हसवायचं आणि निघून जायचं. ओळख करून द्यायला वेळच नाही. म्हणून स्किटमधलं पात्र लांबून दिसेल असं ठळक रंगवावं लागतं.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच येणार आहे.

तीन घरं

संशोधनात आपल्याला नेहमी हवं असतं की बाकी सगळं तसंच राहावं आणि एकच गोष्ट बदलावी. टीव्हीच्या इतिहासात असा प्रयोग कुणी मुद्दाम करत नाही. पण मराठीत योगायोगानं त्याच्या जवळ जाणारं काहीतरी झालंय.

पहिलं घर चिमणरावांचं. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७७ ते १९७९ च्या सुमारास त्यावर चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका झाली. चिमणराव होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मूळ कथा चिं. वि. जोशी यांच्या, म्हणजे टीव्हीच्या कितीतरी वर्षं आधी लिहिलेल्या. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. मालिका कृष्णधवल, स्टुडिओतली, आणि अंगानं नाटकासारखी. कॅमेरा एका जागी उभा राहून माणसांना बोलू देणारा.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. ही मालिका चालू होती तेव्हा आमच्याकडे, नागपूरच्या बाजूला, दूरदर्शन पोचलंच नव्हतं. मुंबई केंद्र दिसायचं ते मुंबई-पुण्याच्या टापूत. "अख्ख्या महाराष्ट्रानं चिमणराव पाहिले" असं कुणी लिहिलं की मी मनात 'अख्ख्या' या शब्दाभोवती गोल करते. आमच्याकडे टीव्ही आला तो १९८० च्या दशकात, आणि आला तो मुख्यतः हिंदी घेऊनच. त्यामुळे पारशिवनीतल्या मोठ्या माणसांचं पहिलं सिटकॉम कुठलं, तर १९८४ चं 'ये जो है जिंदगी'. त्यात सतीश शाह दर भागात वेगळंच पात्र होऊन यायचे, हे अजूनही लोकांना आठवतं. मराठी नटनट्या मात्र त्या हिंदी घरांतही भेटायच्या. 'तू तू मैं मैं'मध्ये रीमा आणि सुप्रिया, दिग्दर्शक सचिन पिळगावकर. 'हम पांच'मध्ये पाच मुलींचा बाप अशोक सराफ.

दुसरं घर टिपऱ्यांचं. अल्फा मराठी ही वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००१ मध्ये तिच्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. दिग्दर्शक केदार शिंदे. आबा टिपरे कोण? पुन्हा दिलीप प्रभावळकर. आधार पुन्हा छापील मजकूर, या वेळी प्रभावळकरांचंच 'अनुदिनी' हे लेखन. म्हणजे नट तोच, मूळ पुन्हा साहित्यातलं, भाषा मराठी, घर मध्यमवर्गीय. बदललं काय? मधली साधारण पंचवीस वर्षं.

आता फरक बघा. चिमणरावांच्या गोष्टीत घोटाळा बाहेरून येतो आणि चिमणराव त्यात सापडतात. टिपऱ्यांच्या घरात घोटाळा बहुतेक वेळा आतूनच येतो: आजोबाला एक वाटतं, नातवाला दुसरं, आणि मधल्या पिढीला दोघांचं ऐकावं लागतं. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका या पाचांपैकी कुणीही मूर्ख नाही. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं आणि हसू येतं ते या बरोबर असण्यांच्या टकरीतून. असं लिहायला वेळ लागतो. मालिका आठवड्यातून एकदा यायची, हे इथे टिपून ठेवा.

तिसरं घर म्हणजे 'माजघर'. २०१५ मध्ये झी मराठीवर आलेली 'दिल दोस्ती दुनियादारी'. मुंबईतला एक फ्लॅट आणि त्यात राहणारी सहा तरुण मुलं-मुली. आई-बाप, आजोबा कुणी नाही. इथेही एक धागा आहे. टिपऱ्यांची सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, आणि माजघरातली रेश्मा म्हणजे त्यांची मुलगी सखी गोखले. पडद्यावर आईची पिढी सासऱ्यांसोबत एका घरात राहत होती, मुलीची पिढी मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहायला लागली. महाराष्ट्रातल्या शहरी घराचं जे झालं तेच मालिकेतल्या घराचं झालं.

आणखी एक बदल झाला होता, तो पडद्यावर पटकन दिसत नाही. माजघर रोज यायचं.

रोजचा रतीब

इथे थोडं गणित करू. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. दूरदर्शनच्या काळात मालिकांना बहुधा १३ भागांची मंजुरी मिळायची, आठवड्याला एक, म्हणजे तीन महिने. १३ गुणिले २२, झाली २८६ मिनिटं. पाच तासही नाहीत.

आठवड्याला एक भाग वर्षभर चालवला तर ५२ भाग, ११४४ मिनिटं, साधारण १९ तास.

आठवड्याला सहा भाग चालवले तर वर्षाला ३१२ भाग. ६८६४ मिनिटं. ११४ तास. म्हणजे दोन-अडीच तासांचे जवळपास पन्नास सिनेमे, एका वर्षात, त्याच पात्रांवर.

तुलनेला जगाकडे बघू. विनोदी मालिकांची यादी निघाली की ब्रिटनच्या 'फॉल्टी टॉवर्स'चं नाव हमखास येतं. तिचे एकूण भाग किती? १२. सहा १९७५ मध्ये, सहा १९७९ मध्ये. अमेरिकेची 'साइनफेल्ड' नऊ सीझन चालली, भाग १८०. 'फ्रेंड्स' दहा सीझन, २३६ भाग. आपली 'साराभाई वर्सेस साराभाई' पहिल्या फेरीत सुमारे ७० भागांची होती. आणि जुलै २००८ पासून चालू असलेल्या 'तारक मेहता का उल्टा चष्मा'चे ४००० हून जास्त भाग झालेत.

'तारक मेहता'सुद्धा मुळात साहित्यातूनच आलं. तारक मेहतांचं 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकातलं सदर हा तिचा पाया. म्हणजे चिमणराव, टिपरे आणि गोकुळधाम, तिघांचीही विहीर छापील लेखनाचीच. पण चिमणराव-टिपऱ्यांच्या विहिरीला घागर लावली होती आणि गोकुळधामच्या विहिरीला पंप. कितीही पाणी असलं तरी पंपापुढे पातळी खाली जाणारच.

मग एवढी मिनिटं भरतात कशानं? तुम्हीच एक दिवस घड्याळ लावून बघा. कुणीतरी एक वाक्य बोलतं. कॅमेरा पहिल्या माणसाच्या चेहऱ्यावर जातो, 'टुंग' असा आवाज. मग दुसऱ्याच्या, पुन्हा आवाज. आठ माणसं हजर असली आणि प्रत्येकाला तीन सेकंद दिले, तर २४ सेकंद एकही शब्द न लिहिता निघतात. भागात असं दहा वेळा केलं की चार मिनिटं. हा लेखकाचा आळस नाही मंडळी, हे उत्पादनाचं गणित आहे. एकाच लेखकाला आठवड्याला एक भाग दिला तर तो टिपरे लिहील, सहा दिले तर तोच लेखक चेहरे मोजायला लागेल.

चित्रीकरणातला हा बदल आता कॉम्प्युटरनं मोजताही येतो. अमेरिकेत टेलर अर्नोल्ड आणि लॉरेन टिल्टन यांच्या गटानं १९६० च्या दशकातल्या 'बिविच्ड' आणि 'आय ड्रीम ऑफ जीनी' या दोन सिटकॉमवर असं काम केलंय. पहिलीचे एकूण भाग २५४, दुसरीचे १३९. माणसानं बसून एवढं बघायचं आणि नोंदी ठेवायच्या म्हणजे वर्षं जातील. त्यांनी प्रोग्रॅमला दोन गोष्टी शिकवल्या: शॉट कुठे बदलतो ते ओळखणं, आणि चेहरा कुणाचा आहे ते ओळखणं. एवढं जमलं की प्रश्न विचारता येतात. पडद्यावर जास्त वेळ कोण दिसतं? कुणाला जवळून दाखवतात, कुणाला लांबून? कथेत नायिका कितीही महत्त्वाची असो, कॅमेरा तिला किती वेळ देतो? या पद्धतीला ते 'डिस्टंट व्ह्यूइंग' म्हणतात, म्हणजे लांबून, एकगठ्ठा बघणं. मराठी मालिकांवर असं काम करायला पुष्कळ वाव आहे. कुणाला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय पाहिजे असेल तर हा घ्या, मोफत आहे.

हशा कुठून येतो

आता चौथ्या घराकडे येऊ, ज्याला घरच नाही. म्हणजे स्टेज.

'फू बाई फू', २०१४ मध्ये सुरू झालेलं 'चला हवा येऊ द्या', २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. मराठी टीव्हीवरचा विनोद गेल्या दशकात मुख्यतः इथे राहायला आला. लोक म्हणतात, सिटकॉम गेलं आणि स्किट आलं. हे अर्धंच खरं आहे. दूरदर्शनवर चिमणरावांच्या शेजारीच 'गजरा' होता, तोही प्रहसनांचाच कार्यक्रम. आणि आमच्या भागात तर स्किट टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, तिथे रात्री दंडार नाही तर खडीगंमत होते. खडीगंमतीतला गडी दोन मिनिटांत पब्लिक खिशात घालतो, कारण नाही घातलं तर पब्लिक उठून चहा प्यायला जातं. 'हास्यजत्रा' नावातली जत्रा उगाच नाही.

स्किटला गर्दी का लागते? रॉबर्ट प्रोवाइन नावाचे अमेरिकन संशोधक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मॉल, फुटपाथ अशा ठिकाणी उभं राहून लोक कधी हसतात याच्या सुमारे १२०० नोंदी केल्या. यातलं जेमतेम १० ते २० टक्के हसणं विनोद म्हणता येईल अशा बोलण्यानंतर आलं होतं. बाकी हसू "बरं, भेटू मग" असल्या साध्या वाक्यांवरचं. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण तीसपट जास्त तो दुसऱ्यांसोबत असताना हसतो, असंही त्यांना दिसलं. म्हणजे हसणं हे बरंचसं सोबतीचं काम आहे.

टीव्हीची अडचण नेमकी इथेच होती. सिनेमाला थिएटर आहे, नाटकाला प्रेक्षागृह आहे, टीव्ही माणूस घरात बघतो, कधी कधी एकटाच. मग सोबत कुठून आणायची? १९५१ मध्ये 'आय लव्ह लुसी' ही अमेरिकन मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून चित्रित व्हायला लागली आणि त्यांचं हसणं मालिकेत ऐकू यायचं. सिटकॉमच्या घराला तीनच भिंती का असतात आणि सगळे सोफ्यावर एकाच बाजूला तोंड करून का बसतात, त्याचं मूळ या पद्धतीत आहे. चौथ्या भिंतीच्या जागी प्रेक्षक बसलेत. पुढे १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस या साउंड इंजिनिअरनं एक यंत्रच बनवलं, ज्यात वेगवेगळी हसणी टेपवर साठवलेली होती. बटण दाबलं की हशा. हाच तो लाफ ट्रॅक.

पण असा उसना हशा खरंच काम करतो का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सोफी स्कॉट यांच्या गटानं हे तपासलं. त्यांनी ४० पडेल विनोद घेतले, आपण ज्याला पीजे म्हणतो तसले, आणि त्यांना हसण्याचे आवाज जोडून लोकांना किती गमतीदार वाटतात ते विचारलं. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला: हशा जोडला की तोच विनोद जास्त गमतीदार वाटतो, आणि मुद्दाम काढलेल्या हसण्यापेक्षा आपसूक आलेल्या हसण्याचा परिणाम मोठा असतो.

आता हे वाचून 'हास्यजत्रा' डोळ्यांसमोर आणा. खुर्चीत बसलेले परीक्षक हसता हसता वाकतायत, बाजूला बसलेले सहकलाकार डोळे पुसतायत, आणि कॅमेरा दर थोड्या वेळानं त्यांच्याकडे जातोय. माझ्या मते ती डग्लसच्या यंत्राचीच सुधारित आवृत्ती आहे. फरक एवढाच की हसणारा दिसतो आणि त्याचं हसणं खरं वाटतं. प्रयोगातल्या निष्कर्षाशी हे अगदी जुळतं.

परदेशात नेमकं उलटं झालं. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये 'द ऑफिस' आली, माहितीपटासारखी चित्रित केलेली, हशा नाही, पार्श्वसंगीत नाही. कुठे हसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ती वाट मराठीत टीव्हीवर फारशी रुजली नाही, ती आली यूट्यूबवर, भाडिपासारख्या चॅनेलवर. तिथले व्हिडिओ माणूस मोबाइलवर, कानात इअरफोन घालून बघतो. पण खाली कमेंट वाचतो आणि लगेच तीन मित्रांना पाठवतो. सोबत तिथेही आहेच, फक्त उशिरानं येते.

आठवणींचा नमुना

मग दर्जाचं काय? इथे संख्याशास्त्र मागच्या दारानं आलंच.

दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञानं विमानांच्या चिलखताचा प्रश्न हाताळला होता, तो तुम्ही ऐकला असेल. परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं जिथे दिसतात, तिथे चिलखत लावायचं का? नाही. कारण जी परतलीच नाहीत ती आपल्या नमुन्यात नाहीत, आणि त्यांना गोळ्या बहुधा दुसरीकडेच लागल्यात. याला म्हणतात टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह.

१९९४ मधल्या मालिका म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्या परतलेली विमानं आहेत. त्याच वर्षी आलेल्या आणि कुणालाही न आठवणाऱ्या मालिका आपण मोजतच नाही. आजच्या मालिका मात्र सगळ्या मोजतो, काल रात्रीची सगळ्यात कंटाळवाणीसुद्धा. तेव्हाचं निवडक आणि आताचं सरसकट, अशी तुलना केली तर आताचं हरणारच.

उलट बाजूनं 'साराभाई' बघा. २००४ ते २००६ या काळात तिला प्रेक्षकसंख्या बेताचीच होती. तिची कीर्ती नंतर वाढली, पुन्हा पुन्हा बघण्यातून. म्हणजे आपण ज्याला त्या काळाचा दर्जा म्हणतो, तो त्या काळच्या लोकांनी ओळखलेला असतोच असं नाही.

यात स्मरणशक्तीचीही भर असते. मानसशास्त्रातला एक पक्का निष्कर्ष असा की माणसाला आपल्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात. त्यामुळे कुणाचा सुवर्णकाळ कुठला, हे विचारण्याऐवजी त्याचं जन्मसाल विचारलं तरी बऱ्यापैकी अंदाज येतो.

आणि एक तिसरी गोष्ट, जी आमच्यासारख्यांना लागू आहे. वाहिन्या निर्णय घेतात टीआरपीवर. ही मोजणी अनेक वर्षं प्रामुख्यानं शहरांतल्या घरांतून व्हायची. ग्रामीण घरांचा नीट समावेश झाला तो २०१५ पासून, बार्कची आकडेवारी सुरू झाल्यावर. म्हणजे टिपरे चालू होते तेव्हा पारशिवनी तालुक्यात कितीही लोक ते बघत असले, तरी आम्ही त्या मोजणीत जवळपास नव्हतोच. जो नमुन्यात नाही, त्याच्यासाठी कुणी लिहीत नाही. बघणारे होतो, मोजलेले नव्हतो.

'करून राहिला' म्हटलं की हसायचं?

याचा परिणाम काय झाला, तो मला आजच्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

वर सांगितलेली तीनही घरं पुणे-मुंबईची. त्यांची भाषा ही 'मराठी'. आमची भाषा त्या घरात आली तर ती पाहुणी म्हणून, आणि बहुतेक वेळा विनोद म्हणून. "काय करून राहिला बे?" हे वाक्य आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा बोललं जातं. त्यात हसण्यासारखं काही नाही. 'करून राहिला', 'जाऊन राहिली' हा आमचा चालू वर्तमानकाळ आहे, जसा प्रमाण मराठीत 'करतो आहे', 'जाते आहे'. पण टीव्हीवर कुणी 'करून राहिला' म्हटलं की हशा येतो. म्हणजे हसू आलं ते व्याकरणाला.

स्किटमध्ये हे जास्त होतं आणि त्याचं कारण आपण वर बघितलंय. दहा मिनिटांत पात्र उभं करायचं तर तयार लेबल लागतं: वऱ्हाडी म्हणजे असा, कोल्हापुरी म्हणजे तसा, बाईचे कपडे घातलेला पुरुष म्हणजे हसायचं. सिटकॉमला लेबल लागत नाही, कारण त्याच्याकडे वेळ असतो.

"अरे, गंमत आहे, मनावर काय घेता," असं यावर ऐकायला मिळतं. फोर्ड आणि फर्ग्युसन या संशोधकांनी २००४ मध्ये याबद्दल एक सिद्धांत मांडला. एखाद्या गटाला खाली दाखवणारा विनोद ऐकून चांगल्या माणसाचं मन बिघडतं, असं ते म्हणत नाहीत. पण ज्याच्या मनात त्या गटाबद्दल आधीच आकस आहे, त्याला असा विनोद परवानगी देतो: इथे हे चालतं, फार गंभीर घ्यायचं नाही. आमच्या भागातली मुलं पुण्याला कॉलेजात गेल्यावर पहिले सहा महिने कमी का बोलतात, हे ज्यानं जवळून बघितलंय त्याला ही परवानगी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

पण चित्र एकरंगी नाही. 'चला हवा येऊ द्या'मध्ये अमरावतीकडचे भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलायचे, तेव्हा लोक आधी बोलीला हसायचे. हळूहळू त्यांच्या टायमिंगला हसायला लागले. वर्षानुवर्षं तोच माणूस दिसल्यावर बोली मागे गेली आणि माणूस पुढे आला. स्किटच्या कार्यक्रमात सिटकॉमचं काम झालं. 'हास्यजत्रे'तही बघा, नम्रता संभेरावची 'लॉली' पुन्हा पुन्हा येते आणि लोक तिची वाट बघतात. ओळखीचं पात्र, ओळखीचा स्वभाव. सिटकॉम समोरच्या दारानं गेलं आणि खिडकीतून परत आलं, असं म्हणायला हरकत नाही. २०२३ मध्ये याच मंडळींनी 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' ही ठरलेल्या जागेची, ठरलेल्या पात्रांची मालिकाही करून बघितली.

आणि यूट्यूबवर आता वऱ्हाडी-नागपुरी बोलीतले भरपूर व्हिडिओ आहेत. त्यात सगळेच 'करून राहिला' म्हणतात, म्हणून त्यावर कुणी हसत नाही. हसतात ते उधारी बुडवणाऱ्या दुकानदाराला, लग्न जुळवता जुळवता स्वतःच अडकणाऱ्या मामाला. बोली तिथे हवेसारखी आहे, असते पण दिसत नाही. माझ्या दृष्टीनं दर्जातला हा खरा बदल आहे, आणि तो वरच्या दिशेनं आहे.

मग उत्तर काय?

थोडक्यात सांगते. शैली बदलली, आणि त्याची मुख्य कारणं माणसांची प्रतिभा आटली यात नसून आठवड्याला किती भाग लागतात, प्रेक्षक कुठे बसून बघतो आणि मोजणी कुणाची होते, यात आहेत. रोजच्या मालिकांत लेखन पातळ झालं, हे गणितानंच होणार होतं. "आधीचं सगळं चांगलं" हा मात्र नमुन्याचा दोष आहे.

दर्जा तपासायचाच असेल तर मी तीन प्रश्न सुचवते. एक, आवाज बंद करून, म्हणजे 'टुंग' आणि हशा काढून, तो प्रसंग गमतीदार उरतो का? दोन, पात्राचं गाव, जात, बोली, जाडी बदलली तरी विनोद चालतो का? चालला तर तो माणसाचा विनोद, नाही चालला तर लेबलचा. तीन, तोच भाग दुसऱ्यांदा बघावासा वाटतो का?

तुमच्या आवडीच्या एका जुन्या आणि एका नव्या मालिकेला हे तीन प्रश्न लावून बघा आणि कमेंटमध्ये कळवा. एक अट आहे: जुन्या मालिकेचा तुमचा सगळ्यात आवडता भाग घ्यायचा नाही, जो पहिला सापडेल तो घ्यायचा. नमुना निवडायची हीच पद्धत बरोबर आहे, हे तुम्हाला आता मी परत सांगायला नको.

पुढच्या पोस्टमध्ये टीआरपीचा नमुना कसा काढतात, आणि काही हजार घरांवरून कोट्यवधी लोकांचं कसं सांगता येतं, ते बघू. तोवर हसत राहा, शक्यतो कुणासोबत तरी.